विहिरीला पाणी, तरी संत्र्याला तहान! काय आहे 'ताण' देण्यामागचं विज्ञान?

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात डिसेंबरमध्ये एखाद्या संत्रा बगीच्यात गेलात, तर एक गोष्ट खटकेल. विहिरीला पाणी आहे, पण मोटार बंद. झाडांची पानं मलूल, फिकी पडलेली. शेतकऱ्याचं दुर्लक्ष झालं असं वाटेल. प्रत्यक्षात त्याने पाणी मुद्दाम तोडलेलं असतं. याला म्हणतात 'ताण देणे'.

वर्धा नदीपलीकडच्या वरूड-मोर्शीसारखाच आष्टी हा नागपुरी संत्र्याचा पट्टा. इथे दोन बहार महत्त्वाचे. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, मृगाची पावसाळ्याच्या तोंडावर. (तिसरा हस्त बहार, पण तो फारसा कुणी धरत नाही.)

झाडाला पाणी आणि नत्र भरपूर मिळालं की ते नवती फेकत राहतं, म्हणजे नवी पालवी. पानं तयार करत असलेली अन्नसाखर या वाढीतच खर्च होते. पाणी तोडलं की वाढ थांबते, साखर काड्यांमध्ये साठते आणि कर्ब-नत्र गुणोत्तर वाढतं. सोबत जिबरेलिन हे संप्रेरकही कमी होतं. संत्र्यात जिबरेलिन फुलांना अडवतं, त्यामुळे ते घटलं की डोळ्यातून पालवीऐवजी कळी निघण्याची शक्यता वाढते. आंबियात थंडीची मदत होते. पारा १३ अंशांच्या खाली गेला की संत्र्याची वाढ तशीही थांबते. मृगात मात्र सगळी भिस्त मे महिन्यातल्या कोरड्या जमिनीवर.

ताण किती दिवस? ते जमीन ठरवते. हलक्या, मुरमाड जमिनीत दोन-तीन आठवडे पुरतात. भारी काळी जमीन ओल धरून ठेवते, तिथे महिना-दीड महिनाही लागतो. साधारण पाव हिस्सा पानं गळली की ताण बसला असं मानतात. त्यापुढे ताणलं तर काड्या वाळून सल होते आणि झाड खचतं.

खरी अडचण आभाळाची. ताण ऐन रंगात असताना अवकाळी पाऊस झाला की ताण मोडतो, झाड नवती फेकतं आणि वर्षाचा बहार हातचा जातो. भारी जमिनीत म्हणूनच क्लोरमेक्वाट क्लोराइडची फवारणी सुचवली जाते. ते झाडात जिबरेलिन तयार होऊ देत नाही. उपाय चांगला आहे, पण ताणाची जागा तो पूर्णपणे घेत नाही.

बहार फुटला तरी सुटका नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आंबियाची फळगळ सुरू होते. पाणी साचून मुळांना हवा मिळाली नाही की झाडात इथिलीन वाढतं, देठाजवळचा पेशींचा थर सुटतो आणि हिरवं फळ खाली येतं. ती गळ रोखायला २,४-डी वापरतात, १०० लिटर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम. जास्त मात्रेत हेच रसायन तणनाशक आहे! आणि कपाशी त्याला भलतीच नाजूक. आष्टीत संत्र्याच्या धुऱ्यालाच कपाशी असते, त्यामुळे वारा असताना फवारलं तर शेजाऱ्याच्या कपाशीची पानं आक्रसून निमुळती होतात. तणनाशक मारलेला पंप नीट न धुता कपाशीत नेला, तरी तेच होतं.