बेलम गुहा

बेलम गुहा या आंध्र प्रदेशाच्या नंद्याल जिल्ह्यातील (पूर्वीचा कर्नूल जिल्हा) नैसर्गिक भूमिगत गुहा आहेत. त्यांची मोजलेली लांबी ३,२२९ मीटर असून त्यांपैकी सुमारे दीड किलोमीटर भाग पर्यटकांसाठी खुला आहे. ‘बेलम’ हे नाव ‘बिळ’ या अर्थाच्या ‘बिलम्’ या संस्कृत शब्दावरून आले, असे मानले जाते.

निर्मिती
अजिंठा-वेरूळप्रमाणे या गुहा मानवाने कोरलेल्या नाहीत. कार्बन डायऑक्साइड मिसळून किंचित आम्लधर्मी झालेल्या भूजलाने चुनखडकाची झीज केल्यामुळे त्या तयार झाल्या. छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातील चुन्याचे कण साचून अधोमुखी व ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ बनले आहेत.

इतिहास
येथे बौद्ध व जैन साधूंचे वास्तव्य होते, असे मानतात. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ मध्ये या गुहांची नोंद केली. १९८२-८३ मध्ये डॅनियल गेबाउअर यांच्या जर्मन पथकाने त्यांचे तपशीलवार सर्वेक्षण केले. तरीही १९८८ पर्यंत परिसरातील कचरा येथे टाकला जात असे. पुढे स्थानिक ग्रामस्थ व शासन यांच्या सहकार्याने गुहा स्वच्छ झाल्या आणि २००२ मध्ये त्या जनतेसाठी खुल्या करण्यात आल्या.

पर्यटन
विहिरीसारख्या विवरातून पायऱ्यांनी गुहेत उतरता येते. आत विजेचे दिवे असून यंत्राने बाहेरील हवा पुरवली जाते. कोटिलिंगालू व सप्तस्वर गुहा ही प्रमुख दालने आहेत. पाताळगंगा हा सर्वांत खोल भाग प्रवेशद्वाराच्या पातळीखाली सुमारे ४६ मीटरवर आहे. ताडिपत्रीहून एका दिवसात ही सहल करता येते. लवणस्तंभ तयार होण्यास हजारो वर्षे लागतात. त्यामुळे त्यांना स्पर्श करणे टाळावे लागते.