एका चंद्राचे सण

श्रोतेहो, श्रावणातल्या पौर्णिमेला दुपार कलली की मालवणच्या बंदरावर पाय ठेवायला जागा उरत नाही. समोर सिंधुदुर्ग किल्ला, मध्ये अजून पुरता न निवळलेला समुद्र आणि किनाऱ्यावर माणसंच माणसं. किल्ल्यातून सोन्याचा मुलामा दिलेलं श्रीफळ सागराला अर्पण होतं. शहरातले व्यापारी वाजतगाजत आपला नारळ घेऊन येतात. मग घराघरांतले नारळ लाटांवर जातात. एका बाजूला नारळ लढवण्याचा खेळ रंगलेला असतो. एकाने आपला नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर घाव घालायचा. ज्याचा फुटेल तो हरला आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. अलीकडे बायकांच्याही स्पर्धा भरतात आणि त्यांना गर्दी जास्त असते.

आमच्या घरातून समुद्रात नारळ जात नसे. पण माझे आजोबा त्या दिवशी धंदा बंद ठेवून, धुतलेली टोपी घालून बंदरावर जायचे आणि मला खांद्यावर घ्यायचे. सण आपला की दुसऱ्याचा, हा प्रश्न त्या वयात पडला नाही. तो पुढे पडला. आज त्याच प्रश्नाबद्दल थोडं बोलणार आहे.

या सणाची मुळं शिवकाळात आहेत, असं मालवणात मानतात. किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा होऊन २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू झालं आणि २९ मार्च १६६७ ला ते पुरं झालं. त्या धोंड्यावर गणपतीबरोबर चंद्र आणि सूर्यही कोरलेले आहेत. दर्याकाठच्या माणसांना साक्षीला दुसरं कोण लागतं? ज्या आरमारासाठी हा किल्ला उभा राहिला, त्याच्या सरदारांत मायनाक भंडारी होता आणि दौलतखानही होता. पुढे राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये किल्ल्यात शिवराजेश्वराचं मंदिर बांधलं. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस हे नाव दिलं. तो परत करवीरकरांकडे आला आणि १८१२ च्या तहाने पुन्हा इंग्रजांकडे गेला. फोर्ट ऑगस्टस हे नाव आज इथे कुणाच्या तोंडी नाही. नारळाचा सण मात्र राहिला. मालक बदलले म्हणून समुद्र शांत होण्याचा दिवस बदलत नाही.

हा सण एका अर्थाने कायदाच होता. पावसाळ्यात मासळी अंडी घालते, समुद्र खवळलेला असतो, म्हणून होड्या वर ओढून ठेवायच्या आणि नारळ पडेपर्यंत पाण्यात घालायच्या नाहीत, हा जुना दंडक. सरकारने मासेमारीबंदीचा नियम केला तेव्हा कित्येक वर्षं त्यात शब्दच असे होते, की बंदी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत. सरकारी कागदावर तिथी आली ती अशी. आता १ जून ते ३१ जुलै अशा तारखा ठरल्या आहेत. पण पूर्वी हा नियम गाबीत, कोळी, दालदी मुसलमान आणि ख्रिस्ती मच्छीमार अशा सगळ्यांना सारखाच लागू होता. नारळ कुणीही टाको, होडी सगळ्यांचीच सुटायची.

आता चंद्राकडे येतो. माझे आजोबा काकणं विकत. मालवणापासून उत्तरेला कोळंब, आचरा, मिठबाव अशा खाड्या ओलांडत, डोक्यावर काकणांची पेटी घेऊन ते गावोगाव फिरत. तेव्हा सगळीकडे पूल नव्हते, होडीवर अवलंबून राहावं लागे. म्हणून भरती-ओहोटीचं गणित त्यांना तोंडपाठ होतं. किनाऱ्यावर ते सगळ्यांनाच ठाऊक असतं. तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या पुढेमागे भांग. आजोबांकडे पंचांग नव्हतं. ते चांदाची तारीख धरत, तिच्यात एखाद-दोन दिवस मिळवत आणि पंधराच्या पुढे गेली तर पंधरा वजा करत. उत्तर तेच यायचं. ईदचा चांद आणि बीजेची कोर एकच असते, हे मला धर्मग्रंथाने नव्हे, खाडीच्या पाण्याने शिकवलं.

चंद्र एक असला, तरी पंचांगं दोन आहेत, आणि गंमत तिथेच आहे. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणजे सौरवर्षापेक्षा अकरा दिवसांनी कमी. हिंदू पंचांग साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एक अधिक मास घालून ही तूट भरून काढतं, म्हणून गणपती पावसाच्या अखेरीलाच येतो. हिजरी वर्षात अधिक मास नाही. त्यामुळे आमचे सण दरवर्षी अकरा दिवस मागे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरतात. रमजान कधी वैशाखाच्या उन्हात येतो, कधी मिरगाच्या पावसात. साधारण तेहेतीस वर्षांनी चक्र पुरं होतं. या फिरण्यात अधूनमधून मोहरम आणि गणपती एकमेकांना भेटतात. १९८६ मध्ये भेटले, पुन्हा २०१८, २०१९ आणि २०२० मध्ये.

१९८६ मध्ये मी दहावीला होतो. सप्टेंबरचा महिना. आमच्या वाडीतून ताबूत निघायचा होता आणि त्याच वाटेवरच्या एका घरी रात्रीच्या भजनाची तयारी चालली होती. माटवीला कवंडळं, कांगले, हरणं बांधलेली, समईच्या उजेडात ती चकाकत होती. वाट अरुंद. आमची मोठी माणसं जरा घुटमळली. तेवढ्यात त्या घरातले वयस्कर काका ओटीवर आले आणि म्हणाले, "आधी तुमचो ताबूत जांवदेत. मगे आमी भजनाक बसतंव." ताबूत पुढे गेला. परतताना त्या घरात आरती सुरू झाली होती, तेव्हा आमची मंडळी ती संपेपर्यंत वाटेत उभी राहिली. ढोल गप्प होते. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, आणि नंतर त्याबद्दल कुणी फारसं बोललंही नाही. आमच्याकडचं शरबत त्यांच्या ओटीवर गेलं आणि त्यांच्याकडचे लाडू आमच्याकडे आले, एवढंच.

हे जुन्या काळाचं कौतुक झालं, असं कुणी म्हणेल. म्हणून अलीकडचं सांगतो. ईद-ए-मिलाद रबीउल अव्वलच्या बारा तारखेला, म्हणजे तिथीने तेरस-चौदसीच्या आसपास. तो महिना भाद्रपदाशी जुळला की ईद आणि अनंत चतुर्दशी जवळजवळ एकत्र येणारच. तसं सलग तीन वर्षं झालं. २०२३ मध्ये दोन्ही २८ सप्टेंबरला आले. मुंबईत मुस्लिम संघटनांनी आपली मिरवणूक २९ तारखेला नेली. २०२४ मध्ये ईद १६ ला आणि विसर्जन १७ सप्टेंबरला, तेव्हा मिरवणूक १८ ला काढली. २०२५ मध्ये ती ८ सप्टेंबरला निघाली. मुंबईएवढ्या शहरात हे ठरवायला बैठका लागतात, पोलिसांचा बंदोबस्त लागतो. आमच्या वाडीत ओटीवरचं एक वाक्य पुरलं होतं. पण गोष्ट तीच. वाट एक असली की कुणीतरी आधी थांबायचं असतं.

आमच्या किनाऱ्यावर वर्षभर हे असंच चालतं. शिमग्यात पोरं वाट अडवून 'शबय' मागायची, तेव्हा देणाऱ्याचा धर्म पाहत नसत, खिसा पाहत. दिवाळीच्या पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी मालवणात निघते. नाताळात ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून नेवऱ्यांचं ताट येई आणि ते ताट रिकामं परत करायचं नाही, हा आईचा नियम होता. सिंधुदुर्गात ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. २००५ मध्ये सिंधुदुर्गाचा वेगळा धर्मप्रांत झाला. आणि फादर स्टीफन्स यांनी शेजारच्या गोव्यात १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापलं ते मराठी ओवीत, हे मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला मोठा आधार वाटतं.

पण मला सर्वांत विलक्षण वाटते ती आचऱ्याची गावपळण. माझी आत्या आचऱ्याला दिलेली. दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन दिवस ठरतो आणि अख्खं गाव घरंदारं सोडून, गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर जातं. तीन दिवस आणि तीन रात्री गाव ओस. माळरानावर झोपड्या बांधून, तीन दगडांच्या चुली मांडून माणसं राहतात. हिंदू जातात, तसे गावातले मुसलमान आणि ख्रिस्तीही जातात. आत्या टोपलीत कोंबड्या घ्यायची आणि स्वच्छ कापडात गुंडाळलेलं कुराण वेगळ्या पिशवीत. मी एकदा तिला विचारलं, "देव त्यांचा, मग तू का जातेस?" ती म्हणाली, "देव त्येंचो असात, गाव माझो आसा मरे." परत यायचं तेही देवाचा कौल मिळाल्यावर, सगळ्यांनी मिळून. गाव म्हणजे कोण, याची याहून सरळ व्याख्या मी वाचलेली नाही.

आणि आता कुणकेश्वर. देवगड तालुक्यातलं, अगदी लाटांच्या कडेला असलेलं हे शिवमंदिर. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. गावोगावच्या देवस्वाऱ्या तीर्थस्नानासाठी समुद्रावर येतात. आजोबांचं काकणांचं दुकान या यात्रेत लागे. तिथे मी पेटीवर बसून ऐकलेली आख्यायिका अशी : एक परदेशी मुसलमान व्यापारी गलबतातून चालला होता. रात्री वादळ झालं. दूर किनाऱ्यावर त्याला एक दिवा दिसला. जगलो वाचलो तर तिथल्या देवाचं देऊळ बांधीन, असं तो बोलला आणि तरला. त्याने शब्द पाळून देऊळ बांधलं. पण आता आपले लोक आपल्याला परत घेणार नाहीत, हे त्याला कळलं. तेव्हा त्याने शिखरावरून उडी घेतली. देवळाजवळ त्याचं थडगं दाखवतात.

ही गोष्ट इतिहास म्हणून सिद्ध करता येणार नाही. पण लोकांनी ती टाकून दिली नाही, थडगंही जपलं, हे महत्त्वाचं. लहानपणी मला त्यातलं वादळ आवडायचं. आता मला तिचा शेवट झोंबतो. देऊळ बांधणाऱ्याला परत जायला वाट नव्हती, हे समजतं. पण त्याला इथे राहा, असं कुणी म्हटल्याचं गोष्टीत का नाही? त्याच्या लोकांनी त्याला टाकलं आणि ज्यांच्यासाठी त्याने देऊळ बांधलं त्यांनी त्याला मरणानंतर जागा दिली. जिवंतपणी चार हातांची जागा मिळाली असती तर उडी टळली असती.

हे मनात येतं, कारण यात्रेत दुकान कुणी लावावं, कुणी लावू नये, अशी भाषा अलीकडे महाराष्ट्रात ऐकू येऊ लागली आहे. काही वर्षांपूर्वी एका जत्रेत, गावाचं नाव सांगत नाही, माझ्या चुलतभावाच्या दुकानापाशी दोन तरुण आले आणि त्याचं नाव विचारू लागले. आवाज चढला. बायका काकणं भरता भरता हात मागे घेऊन उभ्या राहिल्या. गर्दीतून एक म्हातारी पुढे आली, पाटावर बसली आणि तिने मनगट पुढे केलं. "भर रे," ती म्हणाली, "तुझ्या बापाशीन माझ्या लग्नाचो चुडो भरलेलो." भावाने काकणं भरायला घेतली. त्याचा हात थरथरत होता, एक काकण फुटलं. ती म्हणाली, "फुटांदे. दुसरा घाल." ते तरुण थोडा वेळ उभे राहिले आणि निघून गेले. त्यांना कुणी हाकललं नाही की कुणी भाषण दिलं नाही. पण एवढं मी पाहिलं, की आधी जी पन्नास माणसं नुसती बघत होती, त्यांत मीही होतो, आणि पुढे आली ती ती म्हातारी.

श्रोतेहो, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. म्हणजे ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एक महिन्याने लांब जातील, आणि मिरवणुकांच्या तारखांची चर्चाही थांबेल. पण चंद्र फिरतोच आहे. आज ना उद्या दोन सण पुन्हा एका अरुंद वाटेवर समोरासमोर येतील. ते कधी येतील हे पंचांग सांगेल. त्या वेळी ओटीवर येऊन बोलणारं कुणी असेल का, पाटावर बसून हात पुढे करणारं कुणी असेल का, हे मात्र कुठल्याही पंचांगात लिहिलेलं नाही. ते आपल्यालाच ठरवावं लागेल.