मोहल्ला, ठाणे आणि भिवंडीचा धडा

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माणसाला पोलीस ठाण्यातली भाषा परकी वाटत नाही. फिर्याद, जबाब, जामीन, मुचलका, हवालदार, फौजदार, शिपाई हे सगळे शब्द फारसी, अरबी, तुर्कीच्या वाटेने मराठीत आलेले. त्यातला ‘फिर्याद’ मला विशेष वाटतो. फारसीत ‘फरियाद’ म्हणजे मदतीसाठी मारलेली हाक.

आणि तरीही आपल्या वस्त्यांमध्ये ही हाक मारायला ठाण्याची पायरी चढायची म्हटली की माणूस दहादा विचार करतो. मोबाइल चोरीला गेला तरी आधी ‘कोणी ओळखीचा आहे का’ हे शोधतो. एकटा जात नाही. ही भीती उगाच आलेली नाही, तिला इतिहास आहे. पण ती भीती कमी झाल्याचाही एक इतिहास आहे आणि तो आपल्याच ठाणे जिल्ह्यात, भिवंडीत घडला. तो आपल्या मुलांना फारसा माहीत नाही, म्हणून हा लेख.

भिवंडी यंत्रमागाचं गाव. इथले जुने कोकणी मुसलमान, उत्तरेकडून आलेले मोमीन-अन्सारी विणकर, तेलुगू पद्मशाली कामगार, मराठी माणसं असे सगळे एकाच धाग्यावर पोट भरणारे. पण ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी इथे दंगल पेटली आणि जळगाव, महाडपर्यंत तिची झळ पोहोचली. चौकशीसाठी न्या. मादन आयोग नेमला गेला. या आयोगाने पोलिसांच्या विशेष तपास पथकावर कडक ठपका ठेवला. तपासात धर्म पाहून भेदभाव झाला, निरपराधांना गोवलं गेलं, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. ठाणे, कल्याण, मुंबई धरून अडीचशेहून अधिक माणसं मेली. ज्या घरांनी हे सोसलं, त्या घरांतल्या मुलांना खाकी वर्दी पाहून काय वाटत असेल ते सांगायला नको.

बरं, ‘शांतता समिती’ तेव्हाही होतीच. सण जवळ आला की ठाण्यात बैठक, दोन्हीकडचे पुढारी, चहा, एकोप्याची भाषणं आणि वर्तमानपत्रात फोटो. सण सरला की समिती पुढच्या सणापर्यंत झोपलेली. वस्तीतली धग या पुढाऱ्यांपर्यंत पोहोचत नसे. आणि पोहोचली तरी ती विझवण्यात प्रत्येकाला रस असेलच असं नव्हतं.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी उलट टोकाने सुरुवात केली. शहरभर सुमारे ७० मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. प्रत्येक कमिटीत हिंदू आणि मुसलमान समसमान. पुढाऱ्यांपेक्षा वस्तीत राहणाऱ्या साध्या माणसांवर भर आणि गुंडांना मज्जाव. त्या त्या भागासाठी ठरलेला पोलीस त्यांच्यात येऊन बसायचा.

या कमिट्यांनी एकोप्यावर व्याख्यानं ठेवली असती तर चार बैठकांत लोक पांगले असते. त्यांनी हाती घेतली ती किरकोळ भांडणं. नळावरची बाचाबाची, गटाराचा वाद, भाडेकरू-मालकाची कुरबुर. ठाण्यात अशा गोष्टींची ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र नोंद होते आणि बहुतेक वेळा कागद तिथेच राहतो. पण ज्याचं भांडण आहे त्याच्यासाठी ते अदखलपात्र नसतं. अशा शेजाऱ्यांतला एक हिंदू आणि एक मुसलमान असला की नळाच्या भांडणाला धर्माचं नाव मिळायला वेळ लागत नाही. कमिटीत हे भांडण दोन्ही समाजांच्या माणसांसमोर, पोलिसाच्या साक्षीने सुटू लागलं. त्यातून लोकांना पोलिसाचं नाव कळलं आणि पोलिसाला लोकांची.

पोलीस आणि जनतेचे संबंध सुधारायचे म्हणजे नेमकं काय, याचं यापेक्षा सोपं उत्तर मला माहीत नाही.

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली. डिसेंबरात आणि मग जानेवारीत मुंबई जळाली. न्या. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसं मेली, आणि पोलिसांच्या पक्षपाताबद्दल आयोगाने स्पष्ट लिहिलं. त्याच दिवसांत, मुंबईच्या इतक्या जवळ असलेली आणि दोनदा होरपळलेली भिवंडी शांत राहिली. कमिटीची माणसं वस्त्यांत जागत होती. अफवा आली की खरं काय ते पोलिसांना विचारता येत होतं आणि मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवता येत होता. खोपडे यांनी पुढे ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या नावाचं पुस्तकच लिहिलं. दंगलीनंतर मुंबईतही पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्यांची चळवळ उभी राहिली.

इथे लेख संपवला असता तर गोड झाला असता. पण भिवंडीचा इतिहास १९९३ ला थांबत नाही. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानाजवळच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून तंटा झाला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे गेले. त्याच रात्री जमावाने दोन पोलिसांना ठार मारलं. हेच ते शहर, हेच पोलीस दल. यावेळी हिंदू-मुसलमान समोरासमोर नव्हते, लोक आणि पोलीस होते.

आपल्याकडे या घटनेतला गोळीबार आठवणीने सांगितला जातो आणि ते दोन पोलीस हळूच वगळले जातात. मला ते मान्य नाही. मादन आणि श्रीकृष्ण आयोगांची पानं आपण जगासमोर धरतो, धरलीच पाहिजेत. पण मग त्या रात्रीचं पानही उलटावं लागेल. त्या दोघांच्या घरीही मुलं वाट पाहत असतील. ज्या विश्वासाने १९९२ ची रात्र सावरली होती, तो चौदा वर्षांत दोन्ही बाजूंनी खर्चून टाकला होता, असं मला वाटतं. अधिकारी बदलतात, बैठका लांबतात, कमिटीत पुन्हा फोटोवाले शिरतात. काम एका भल्या अधिकाऱ्याच्या जिवावर चालत असेल, तर ते त्याच्या बदलीच्या हुकुमाबरोबर जाण्याचा धोका असतोच.

म्हणून हक्क मागायचा तो असा: वस्तीची बैठक सणापुरती नको, दर महिन्याला हवी. आणि आपल्या बाजूने करायचं ते असं: भानगड नसताना ठाण्यात जायचं. बीटचा हवालदार कोण हे माहीत करून घ्यायचं, तरुण मुलांना सोबत न्यायचं.

‘मोहल्ला’ आणि ‘हल’ हे दोन्ही शब्द अरबीच्या एकाच धातूतून निघालेत. त्याचा अर्थ सोडणं, उकलणं. प्रवासी जिथे ओझं सोडून मुक्काम करतो तो मोहल्ला, आणि गाठ सुटते तो हल. सत्तर मोहल्ल्यांनी ते काही वर्षं करून दाखवलं होतं. पुढच्या आठवड्यात हा धडा मी वर्गात सांगणार आहे. पुस्तकात नाही, तरी सांगणार आहे.