तांब्याचा पत्रा ते विजेची मोटार : समुद्रात झिजणाऱ्या धातूची जबाबदारी कोणाची?

भारतात विजेवर चालणाऱ्या नौका आता केवळ प्रात्यक्षिकापुरत्या उरलेल्या नाहीत. केरळमधील वैकम ते तवणक्कडव या मार्गावर ‘आदित्य’ ही सौरऊर्जेवरची प्रवासी नौका जानेवारी २०१७ पासून धावत आहे. कोची वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने अंतर्गत जलवाहतुकीसाठी ‘हरित नौका’ ही मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. मोठ्या नौकांमागोमाग लहान मच्छीमार होड्यांसाठीही विजेच्या मोटारी बाजारात आल्या आहेत.

या बातम्यांत बॅटरीविषयी पुष्कळ लिहिले जाते. पाण्याखाली बुडालेल्या मोटारीच्या धातूविषयी मात्र क्वचितच. वास्तविक, खाऱ्या पाण्यात या यंत्राचे आयुष्य पुष्कळदा तिथेच ठरते. मोटारीच्या कवचावर पांढरी भुकटी जमते, मग खड्डे पडतात, एके दिवशी पाणी आत शिरते आणि गुंडाळी जळते. मालक वॉरंटीचा कागद घेऊन विक्रेत्याकडे जातो, तेव्हा बारीक अक्षरांतील एका वाक्याकडे बोट दाखवले जाते : क्षरणामुळे झालेले नुकसान हमीत समाविष्ट नाही. कर्ज काढून मोटार घेतलेल्या मच्छीमाराच्या दृष्टीने तो हंगाम तिथेच संपतो.

या वाक्यामागे एक गृहीतक दडलेले आहे : समुद्रात धातू झिजणे हा निसर्गक्रम असून त्याला कोणी जबाबदार नसतो. विज्ञानाचा इतिहास या गृहीतकाच्या विरुद्ध साक्ष देतो. गेल्या अडीचशे वर्षांत धातूच्या झिजेचे कारण शोधता येते हे पुनःपुन्हा सिद्ध झाले आहे. आणि कारण शोधता येत असेल, तर जबाबदारीही ठरवता येते.

कागदाचा तुकडा

१७६१ साली ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला प्रयोगादाखल तांब्याचा पत्रा ठोकला. उष्ण समुद्रातील लाकूड पोखरणारे जीव आणि तळाला चिकटून वेग मंदावणारे शेवाळ या दोहोंवर तो उपाय होता. वेस्ट इंडीजच्या सफरीनंतर १७६३ मध्ये नौका तपासली गेली. तांब्याने आपले काम चोख बजावले होते. पण पत्रा धरून ठेवणारे लोखंडी खिळे ठिकठिकाणी विरघळून गेले होते. काही खिळे मात्र जवळजवळ शाबूत होते. तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्याचे तुकडे या खिळ्यांच्या डोक्याखाली अडकून राहिले होते. त्यामुळे तिथे लोखंड आणि तांबे एकमेकांना भिडलेच नव्हते.

तपासणाऱ्यांनी निष्कर्ष काढला : समुद्राच्या पाण्यात लोखंड आणि तांबे यांचा थेट स्पर्श होऊ देऊ नये. गॅल्व्हानीचे बेडकावरचे प्रयोग १७९१ साली प्रसिद्ध झाले आणि व्होल्टाची विद्युत्‌राशी १८०० साली जगापुढे आली. म्हणजे विद्युत्‌घटाची कल्पनाही नसताना त्याचा परिणाम अचूक टिपला गेला होता. तरीही १७७९ पासून युद्धाच्या घाईत बहुतेक सगळ्या ताफ्याला तांबे चढवले गेले. लोखंडी बोल्ट तसेच ठेवून मधे कागदाचा थर व लेप देण्यावर भागवले गेले. बोल्ट कमकुवत झालेच. अखेर १७८० च्या दशकात तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट वापरात आणावे लागले. ज्ञान दप्तरी असणे आणि ते रचनेत उतरणे यांतले हे अंतर आजही पुरते मिटलेले नाही.

दोष तांब्याचा की समुद्राचा?

पुढे तक्रार खुद्द तांब्याविषयी सुरू झाली. काही नौकांचे पत्रे वर्षानुवर्षे टिकत, काहींचे लवकर झिजत. पुरवठादार अशुद्ध तांबे देतात, असा सार्वत्रिक समज होता. नौदलाने १८२३ साली हा प्रश्न रॉयल सोसायटीपुढे ठेवला आणि तिचे अध्यक्ष हम्फ्री डेव्ही यांनी तो हाती घेतला. मायकेल फॅरेडे यांनी प्रयोगांत त्यांना साहाय्य केले.

डेव्ही यांना आढळले, की केवळ अशुद्धतेने या झिजेचा उलगडा होत नाही. शुद्ध तांबेही हवा विरघळलेल्या खाऱ्या पाण्यात झिजते, कारण ही क्रिया विद्युत्‌-रासायनिक आहे. निदानातूनच उपाय निघाला : तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा लहानसा तुकडा जोडावा. तो तुकडा झिजतो आणि तांबे वाचते. जानेवारी १८२४ मध्ये त्यांनी हे रॉयल सोसायटीपुढे मांडले. आज प्रत्येक जहाजाला आणि बहुतेक प्रत्येक बाह्य मोटारीला बसवला जाणारा ‘अ‍ॅनोड’ हा त्याच तुकड्याचा वंशज होय.

ज्या पहिल्या नौकांवर हे ‘रक्षक’ बसवले गेले, त्यांत ‘समरंग’ नावाची एक युद्धनौका होती. ती कोचीच्या गोदीत सागवानी लाकडात बांधलेली होती. लोखंडी रक्षक लावून ती नोव्हा स्कोशियापर्यंत जाऊन आली. आज कोचीच्याच पाण्यात अ‍ॅल्युमिनियमच्या बांधणीच्या विजेच्या नौका धावतात, तेव्हा हा दुवा विसरू नये असे वाटते.

डेव्ही यांच्या उपायाला व्यवहारात मात्र अपयश आले. तांबे झिजेनासे झाले, तसे त्याचे विषारी आयनही पाण्यात उतरेनासे झाले. परिणामी रक्षित तळांवर शेवाळ आणि कवचधारी जीव दाटू लागले. नौदलाने लवकरच रक्षक काढून टाकले. विज्ञान बरोबर असूनही अभियांत्रिकी फसू शकते, याचे हे अभिजात उदाहरण आहे.

न्यायालयात आलेले तांबे

याच दशकात तोच प्रश्न लंडनच्या न्यायालयातही गेला. १८२९ च्या ‘जोन्स विरुद्ध ब्राइट’ या खटल्यातील वादीने आपल्या जहाजासाठी उत्पादकाकडूनच तांब्याचे पत्रे घेतले होते. ते कशासाठी हवे आहेत, हे उत्पादकाला ठाऊक होते. असे पत्रे सरासरी चार वर्षे टिकत. हे चार महिन्यांत निकामी झाले. ज्यूरीच्या मते बिघाड तांब्याच्या अंगभूत दोषामुळे झाला होता. तो दोष नेमका कशामुळे निर्माण झाला, हे सिद्ध झाले नव्हते. तरीही न्यायालयाने ठरवले, की विशिष्ट उपयोगासाठी वस्तू बनवून विकणारा ती त्या उपयोगास योग्य असल्याची हमी देतच असतो. मग ती शब्दांत लिहिलेली असो वा नसो.

हे तत्त्व भारतात पोहोचले ते जवळजवळ त्याच तांब्यासह. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात या गर्भित हमीचे कलम होते आणि त्याखाली दिलेले उदाहरण जहाजाच्या तळाला लावायच्या तांब्याचेच होते. पुढे १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १६ मध्ये तोच विचार आला : खरेदीदाराने आपला हेतू कळवला असेल आणि तो विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबला असेल, तर माल त्या हेतूस योग्य असणे ही विक्रीची गर्भित अट ठरते. अर्थात, अशा अटी स्पष्ट कराराने दूरही सारता येतात. क्षरण वगळणारे ते बारीक अक्षरांतील वाक्य नेमके त्यासाठीच असते.

विजेची होडी आणि भटकी वीज

विजेची होडी समजली जाते तितकी नवी नाही. मोरित्झ याकोबी यांनी १८३८ साली सेंट पीटर्सबर्गजवळ नेवा नदीत, तर गुस्ताव त्रुवे यांनी १८८१ साली पॅरिसच्या सेन नदीत विजेची होडी चालवली. त्रुवे यांची मोटार तर होडीपासून सुटी करता येत असे. या दोन्ही नद्या गोड्या पाण्याच्या, ही बाब महत्त्वाची आहे. समुद्राच्या पाण्याची विद्युत्‌वाहकता मीटरला सुमारे ५ सीमेन्स असते. नदीच्या पाण्याची साधारण त्याच्या शतांश. नदीत निर्धोक ठरलेली रचना खाडीत टिकेलच, असे म्हणूनच म्हणता येत नाही. वेंबनाडसारख्या कायलात तर पाणी पावसाळ्यात गोडे आणि उन्हाळ्यात खारट होते.

विजेच्या वापराबरोबर क्षरणाचे आणखी एक कारण पुढे आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरांत विजेच्या ट्रामगाड्या आल्या. मद्रासमध्ये त्या १८९५ साली सुरू झाल्या. रुळांतून परतणाऱ्या प्रवाहाचा काही भाग जमिनीत शिरे, पाण्याच्या नळांतून वाहे आणि जिथे तो नळ सोडून बाहेर पडे तिथे नळ कुरतडला जाई. अमेरिका आणि युरोपातील पाणीपुरवठा संस्था ट्राम कंपन्यांकडे बोट दाखवू लागल्या, कंपन्या मातीला दोष देऊ लागल्या. वाद सुटण्याचा मार्ग मोजमापातून निघाला. ब्रिटनमध्ये रुळांतील विभवांतर ७ व्होल्टच्या आत ठेवण्याचा नियम झाला. कुरतडणाऱ्या ‘मातीच्या गुणा’ला व्होल्टमीटरवर आकडा मिळाला आणि जबाबदारीला पत्ता.

मोटार स्वतःच साक्ष देते

आजच्या मोटारीत ही सारी प्रकरणे एकत्र नांदतात. कवच अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, दांडा पोलादाचा, स्क्रू न गंजणाऱ्या पोलादाचे. आणि शेजारीच बॅटरीचा एकदिश प्रवाह. तारेचे आवरण फाटून १०० मिलिअँपिअर जरी कवचातून पाण्यात गळू लागले, तरी फॅरेडे यांच्या नियमानुसार वर्षभरात सुमारे ३०० ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम विरघळते. हा क्षय सगळीकडे सारखा पसरला तर गोष्ट वेगळी. तो काही बिंदूंवर एकवटतो, म्हणून कवचाला आरपार भोक पडते.

क्षरणाचा ठसा वाचता येतो. अ‍ॅनोड बराचसा झिजलेला आणि कवच चांगले, तर संरक्षण नीट चालू होते. अ‍ॅनोड पूर्ण संपून गेलेला आणि मग कवच खाल्लेले, तर तो वेळेवर बदलला गेला नाही. ही चूक बहुधा वापरणाऱ्याची. अ‍ॅनोड नव्यासारखा आणि कवचाला खड्डे, तर अ‍ॅनोडचा कवचाशी विद्युत्‌संपर्कच नव्हता, त्याच्यावर रंग चढला होता किंवा त्या पाण्यासाठी त्याचा धातू चुकीचा होता. कारखान्यातून मोटार तशीच आली असेल, तर तो रचनेचा दोष. अ‍ॅनोड काही आठवड्यांतच नाहीसा होत असेल, तर भटक्या प्रवाहाचा संशय घ्यावा. खड्डे केवळ पोलादी स्क्रूंच्या भोवती असतील, तर ‘अलार्म’ नौकेतला तपकिरी कागद आठवावा : दोन धातूंमध्ये विद्युत्‌रोधक ठेवायला कोणीतरी विसरले आहे.

मोजमापही अवघड नाही. चांदी–सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ विद्युत्‌अग्राच्या तुलनेत, समुद्राच्या पाण्यात सुरक्षित अ‍ॅल्युमिनियमचे विभव साधारण −०.९ ते −१.१ व्होल्टच्या दरम्यान असते. बॅटरीचे अग्र आणि मोटारीचे कवच यांमधील रोध साध्या मल्टिमीटरनेही प्राथमिक तपासता येतो.

या विषयाचे ज्ञान देशात नाही असेही नाही. तमिळनाडूतील कारैकुडी येथे १९५३ साली सुरू झालेल्या केंद्रीय विद्युत्‌-रसायन संशोधन संस्थेने सागरी क्षरणावर दशकानुदशके काम केले आहे. कायद्यानेही प्रयोगशाळेला स्थान दिले आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात होती ती तरतूद २०१९ च्या कायद्यात कलम ३८ मध्ये कायम आहे : तपासणीवाचून दोष ठरवता येत नसेल, तर जिल्हा आयोग वस्तूचा नमुना मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो. तपासणीचे शुल्क तक्रारदाराला भरावे लागू शकते. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वस्तू घेणारा या कायद्यात ग्राहकच मानला जातो, म्हणून होडीवर पोट असलेल्या मच्छीमारालाही हे दार उघडे आहे. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते. मुदत साधारणपणे दोन वर्षांची.

पण प्रयोगशाळेला काही सांगता यावे, यासाठी पुरावा टिकला पाहिजे. म्हणून मोटार बसवल्या दिवशीच अ‍ॅनोडची आणि जोडणीची छायाचित्रे काढावीत. अ‍ॅनोड बदलल्याची तारीख आणि पावती जपावी. आपण मोटार खाऱ्या पाण्यात वापरणार आहोत, हे खरेदीपूर्वी विक्रेत्याला लेखी कळवावे. बिघाड झाल्यावर खराब भाग घासूनपुसून स्वच्छ करू नये. जमलेली भुकटीही पुरावा असते. आणि दावा फेटाळला गेला, तर ‘क्षरण’ या एका शब्दावर समाधान न मानता ‘कोणत्या प्रकारचे क्षरण, आणि ते कशावरून ठरवले’ असा लेखी प्रश्न विचारावा.

विद्यार्थी मित्रांना एक सुचवावेसे वाटते. आपले महाविद्यालय किनाऱ्यालगत असेल, तर एक संदर्भ विद्युत्‌अग्र आणि एक मल्टिमीटर घेऊन जवळच्या धक्क्यावरील विजेच्या होड्यांची मोजणी करून नोंदवही ठेवा. विक्रेता आणि मच्छीमार यांच्यातील वादात आज मोजमाप बहुतेक वेळा एकाच पक्षाकडे असते. ते दुसऱ्या पक्षाच्याही हाती येईल, एवढे काम पदवीच्या प्रयोगशाळेतून सहज होऊ शकते.