चिरंजीव ऐकत नाहीत

बेळ्ळंदूरच्या तळ्याभोवती उभ्या राहिलेल्या सोसायट्यांमध्ये आज मराठी घरं शोधावी लागत नाहीत. मुलगा इथं नोकरीला, आईवडील पुण्यात, आणि मध्ये रोज रात्रीचा एक फोन. मुलगा नोकरी सोडून स्वतःचं काही करायचं म्हणतो. तिकडे वडील शेजाऱ्यांना सांगतात, 'आमचं कोण ऐकतं!' सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वी याच दोन गावांत असंच एक प्रकरण घडलं होतं, फक्त माणसं उलट जागी होती. वडील बंगळुरात आणि मुलगा पुण्यात. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा, धन्याचे किल्ले धन्याला न विचारता ताब्यात घेत सुटलेला. आणि धन्याने जाब विचारला, की वडिलांचा पवित्रा ठरलेला : चिरंजीव ऐकत नाहीत.

वडील शहाजीराजे भोसले, चिरंजीव शिवाजीराजे आणि धनी विजापूरचा आदिलशहा. कोडं एवढंच, की वडील खरं सांगत होते का?

आधी वडील बंगळुरात कसे पोचले ते पाहू. निजामशाही सावरून धरण्याचा शहाजीराजांचा प्रयत्न १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशहा यांच्या तहाने संपला. त्यांना विजापूरची चाकरी पत्करावी लागली. पुण्याची जहागीर राहिली, पण जहागीरदाराला दक्षिणेच्या मोहिमेवर धाडण्यात आलं. मुलूख ज्याचा, तो मुलखापासून जितका लांब तितका बरा, असा हिशेब. रणदुल्लाखानाबरोबरच्या त्या मोहिमेत १६३८ मध्ये तिसऱ्या केंपेगौडाकडून बंगळूर घेतलं गेलं आणि ते शहाजीराजांकडे आलं. तेव्हाचं बंगळूर म्हणजे आजच्या चिकपेठेचा आणि जुन्या किल्ल्याचा परिसर. बेळ्ळंदूर त्याच्या कितीतरी बाहेर.

हे घर रडतकढत काढलेल्या वनवासाचं नव्हतं. जयराम पिंड्ये या कवीने 'राधामाधवविलासचंपू' या ग्रंथात शहाजीराजांच्या दरबाराचं वर्णन केलं आहे. जयरामाने राजांपुढे बारा नारळ ठेवले. हे काय, असं विचारल्यावर सांगितलं, की मी बारा भाषांत कविता करतो. दरबारात समस्यापूर्तीचा खेळ रंगे : एकाने अर्धं सांगून अडवायचं, दुसऱ्याने उरलेलं जुळवून सोडवायचं. कन्नड मुलखात, आदिलशाही चाकरीत राहून, संस्कृतापासून दख्खनी बोलीपर्यंत सगळं कानावर घेणारा हा गृहस्थ होता. अर्धं बोलायचं आणि उरलेलं समोरच्याने ओळखायचं, याची त्याला सवय होती. पुढच्या प्रकरणात ही सवय लक्षात ठेवावी लागते.

आता साक्षीदार एकेक करून बोलावू. पहिला साक्षीदार 'शिवभारत', कवींद्र परमानंदाचं संस्कृत काव्य. त्यानुसार शिवाजीराजे काही काळ वडिलांजवळ बंगळुरात होते आणि बारा वर्षांचे झाल्यावर शहाजीराजांनी त्यांना पुण्याला धाडलं, म्हणजे साधारण १६४२ मध्ये. धाडलं तेही फौजफाटा आणि कारभारी देऊन. पेशवे, मुजुमदार, डबीर, सबनीस असा सरंजाम दिल्याचं सभासदही सांगतो. ही साक्ष घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. शिवभारत शिवरायांच्या आश्रयाने लिहिलं गेलं, म्हणजे ही मुलाच्या बाजूची हकीकत. तरी प्रश्न उरतोच. बारा वर्षांच्या मुलाला शिस्त लावायची असती तर एक कडक मास्तर पुरला असता. त्याच्याबरोबर आख्खं मंत्रिमंडळ कोण पाठवतं?

इथे एक प्रसिद्ध गोष्ट बाजूला ठेवावी लागते. वडील मुलाला विजापूर दरबारी नेतात आणि मुलगा मुजरा करायला साफ नकार देतो, ही ती गोष्ट. आपण सगळेच ती शाळेत ऐकत आलो. ती चिटणीस बखरीसारख्या उशिराच्या लिखाणातून येते, आणि ही बखर घटनेनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. गोष्ट झकास आहे, पण साक्षीदार फार उशिरा आलेला आहे.

दुसरी साक्ष विरुद्ध पक्षाची, म्हणून अधिक मोलाची. १६४४ मध्ये आदिलशहाने मावळातल्या कान्होजी जेधे यांना फर्मान पाठवलं : शहाजी दरबाराच्या मर्जीतून उतरला आहे, त्याचा माणूस दादाजी कोंडदेव कोंढाण्याच्या भागात हालचाली करतो आहे, त्याच्यावर चालून जाणाऱ्या फौजेला सामील व्हा. मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा. म्हणजे घरातला पहिला नाठाळ म्हणून सरकारदरबारी ज्याची नोंद झाली, ते चिरंजीव नव्हेत, तीर्थरूप!

तिसरी साक्ष मुद्रेची. रांझे गावच्या पाटलाला शिक्षा फर्मावणाऱ्या २८ जानेवारी १६४६ च्या पत्रावर शिवरायांची संस्कृत मुद्रा आहे. वडिलांची मुद्रा फारसी, आईची फारसी, मुलाची मात्र संस्कृत. हे बंड खरंच. पण त्या मुद्रेत हा मुलगा स्वतःची ओळख काय सांगतो? शहाजीचा पुत्र. घराविरुद्ध बंड करणारी मुलं सहसा वडिलांचं नाव पुसतात. याने ते शिक्क्यात कोरून घेतलं.

त्यानंतर तोरणा, राजगड, कोंढाणा हे गड हाती आले आणि इथवर गमतीचं वाटणारं प्रकरण अंगाशी आलं. २५ जुलै १६४८ रोजी जिंजीजवळच्या छावणीत मुस्तफाखानाच्या हुकमाने शहाजीराजांना कैद करण्यात आलं. पहाटे छापा घालणाऱ्यांत मुधोळचे बाजी घोरपडे होते. राजांना विजापुरास नेलं. पाठोपाठ दोन फौजा निघाल्या : फत्तेखान पुण्याच्या बाजूला शिवरायांवर आणि फरहादखान बंगळुरावर, थोरले बंधू संभाजीराजे यांच्यावर. मुलगा तेव्हा अठरा वर्षांचा. पुरंदरावर त्याने फत्तेखानाला परतवलं. बंगळुरात थोरल्यानेही हार खाल्ली नाही.

कैदेतल्या माणसाचा जीव या दोन विजयांमुळे वाचला की आणखी धोक्यात आला? आदिलशहाच्या जागी बसून विचार करा. शहाजीला मारलं तर दोन हरवता न आलेले मुलगे मोकळे सुटतात आणि त्यांना आवरायला हातात काहीच राहत नाही. ठेवलं तर सौदा करता येतो. सौदाच झाला. संभाजीराजांनी बंगळूर सोडायचं, शिवरायांनी कोंढाणा, आणि वडील सुटणार.

शिवभारतात या वेळचा एक प्रसंग आहे. इतका घरगुती, की दरबारी कवीने तो ठेवला याचंच नवल वाटतं. राजे वडिलांच्या गाफीलपणावर चिडतात. शत्रूवर विश्वास टाकून सापडलेच कसे? हाताशी आलेला गड द्यायला त्यांचं मन घेत नाही. अखेर सोनोपंत डबीर समजूत काढतात, की गड पुन्हा मिळेल. आता हे सोनोपंत कोण? बंगळुराहून वडिलांनी मुलाबरोबर दिलेल्या कारभाऱ्यांपैकी एक. सहा-सात वर्षांपूर्वी मुलाच्या पदरी ठेवलेला शहाणपणा वडिलांच्याच सुटकेला कामी आला.

१६ मे १६४९ रोजी शहाजीराजे सुटले. जवळजवळ दहा महिन्यांची कैद. आता एखाद्या वडिलांनी काय केलं असतं? मुलाला बोलावून खरडपट्टी काढली असती. शहाजीराजांनी काय केलं ते जेधे करीन्यात आहे. कान्होजी जेधे त्यांच्याबरोबर कैदेत होते. सुटल्यावर राजांनी त्यांना शपथेवर बांधून मावळात धाडलं : चिरंजिवांकडे जा, आदिलशाही फौज आली तरी त्यांची बाजू सोडू नका. म्हणजे १६४४ मध्ये बादशहाने ज्यांना या घराविरुद्ध उभं राहायला सांगितलं होतं, तेच कान्होजी आता या घराच्या शपथेत. पुढे अफजलखानाच्या वेळी, १६५९ मध्ये, जेध्यांनी वतनावर पाणी सोडून ही शपथ पाळली.

करीना हा जेधे घराण्याचा कागद, त्यात घराण्याची बढाई असणारच. पण कान्होजी शिवरायांकडे राहिले ही गोष्ट बढाईवर अवलंबून नाही. अफजलखान प्रकरणात ती साऱ्यांनी पाहिली.

दरबारात मात्र जुनाच सूर चालू होता. १६५८ मध्ये अली आदिलशहाने शहाजीराजांना कळवलं, की शिवाजीच्या अपराधांबद्दल तुम्हाला जबाबदार धरलं जाणार नाही. वडिलांनी हात झटकले आणि बादशहाने ते मान्य केलं.

इतिहासकार यावर भांडले, आणि ते भांडणही वाचण्याजोगं आहे. जदुनाथ सरकारांच्या १९१९ च्या चरित्रात शहाजी हा लांब राहिलेला, पुण्याच्या पत्नी-पुत्राकडे दुर्लक्ष करणारा बाप दिसतो. वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये 'राधामाधवविलासचंपू' छापला तो लांबलचक प्रस्तावनेसह, आणि त्यात शहाजीला थेट स्वराज्याच्या पायाशी नेऊन बसवलं. एकाने वडिलांना गैरहजर लावलं, दुसऱ्याने सगळ्या योजनेचा सूत्रधार केलं.

मला दोन्ही टोकं पटत नाहीत. दहा महिने कैद भोगणारा माणूस सगळं ठरवून करणारा सूत्रधार नसतो. मुलाच्या चालीने त्याची मान खरोखर सुरीखाली आली होती. आणि सुटताच आपला विश्वासू माणूस मुलाच्या हवाली करणारा बाप गैरहजरही नसतो. कट करणारे कटाचे कागद जपून ठेवत नाहीत, म्हणून इथं कोण काय म्हणालं यापेक्षा कोणी कोणाकडे माणसं पाठवली हे पाहावं. माणसं नेहमी एकाच दिशेने गेली, बंगळुराकडून पुण्याकडे. 'चिरंजीव ऐकत नाहीत' हे वाक्य धन्यासाठी होतं. ते खोटं नव्हतं, अर्धं होतं; समस्यापूर्तीतल्यासारखं. उरलेलं अर्धं मुलाने जुळवायचं होतं, आणि त्याने ते जुळवलं.

त्या अर्ध्या वाक्याची किंमत वडिलांनी मोजली. मुलाच्या राज्याभिषेकाच्या दहा वर्षं आधी, २३ जानेवारी १६६४ रोजी, शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे होदिगेरे इथं वारले. ते गाव कर्नाटकातच, बसवापट्टणजवळ. समाधी साधी आहे. चिरंजीव रायगडावर, वडील होदिगेऱ्यात, आणि जिथून ते मंत्रिमंडळ निघालं ते बंगळूर दोघांच्याही हातून गेलेलं. बेळ्ळंदुरातल्या कुणा वडिलांनी पुण्याच्या शेजाऱ्यांसमोर मुलाला नावं ठेवली, तर लगेच खरं मानू नये. त्यांनी मागच्या आठवड्यात गुपचूप किती पैसे पाठवले, ते आधी पाहावं.