अडीच सुताचा बोल्ट

साक्रीत येऊन जुन्या गाडीवर बोलायचं, तर जीपवरच बोलायला हवं. पिंपळनेरकडे जा, नाहीतर सुरत रस्त्याने कोंडाईबारीच्या घाटाकडे जा, कच्च्या वाटेवर माणसं वाहणारी गाडी म्हणजे जीप, हे पन्नाशीपुढच्यांना मी सांगायला नको. आता त्याच जीपा लोक हौसेने पुन्हा उभ्या करतात. पत्रा ठोकून होतो, रंग होतो, हूड शिवून होतं. आणि मग काम अडतं ते बोल्टापाशी.

माझंही अडलं. उंच बॉनेटची जुनी सीजे-थ्रीबी घेतली होती. बॉडी सोडवताना निघालेले गंजके बोल्ट मी एका डब्यात टाकले आणि डबा भंगारवाल्याला दिला. म्हटलं, बोल्ट काय, कुठेही मिळतील. रंग झाल्यावर मडगार्ड चढवायला घेतलं. मिस्त्रीने बारीक आट्याचे ८ मिलिमीटरचे नवे बोल्ट आणले, दिसायला अगदी तसेच. पहिले दोन-तीन आटे हाताने गेले. मग म्हणाला, ‘भाऊ, हाऊ बोल्ट बसस नई.’ तिथेच थांबायचं होतं. आम्ही पान्याला पाइप लावला. आतून वेल्ड केलेला नट पत्र्यापासून सुटला आणि बोल्टाबरोबर गरगर फिरायला लागला. नव्या रंगावर कटर चालवायची वेळ आली. चूक त्याची कमी, माझी जास्त. डबा मी दिला होता.

आता हा बोल्ट का बसला नाही, ते बघू. आपले कारागीर इंचाचे आठ सूत धरतात. जीपच्या बॉडीत अडीच सुताचा बोल्ट जागोजागी लागतो, म्हणजे ५/१६ इंच. मिलिमीटरमध्ये ७.९४. तो ८ च्या इतका जवळ आहे की डोळ्याला फरक कळणार नाही. या बोल्टाला एका इंचात २४ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.०५८ मिलिमीटर. बारीक आट्याच्या ८ मिलिमीटर बोल्टात ते अंतर १ मिलिमीटर. एका आट्यात नगण्य फरक, पण सहा आट्यांत तो एक तृतीयांश मिलिमीटरच्या घरात जातो, आणि बोल्ट जाडीलाही किंचित जास्त. म्हणून सुरुवातीला हाताने जातो आणि मग आवळतो. आपल्याला वाटतं गंज आहे!

आता मागे जाऊ या. आट्यांना नियम लावण्याचं मोठं काम इंग्लंडमध्ये १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी केलं. त्यांनी ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले आणि त्यावरून मधलं माप काढलं. आट्याचा कोन ५५ अंश. आपल्याकडे रेल्वे आणि गिरण्यांबरोबर जे आलं ते हे व्हिटवर्थ. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाचे विल्यम सेलर्स म्हणाले, ५५ अंश साध्या कारखान्याला अवघड आहे, ६० घ्या. अमेरिका त्या वाटेने गेली. युरोपात मिलिमीटरचं तिसरंच घराणं तयार झालं. दुसऱ्या महायुद्धात याचा खरा त्रास झाला. ब्रिटन आणि अमेरिका एका बाजूने लढत होते, पण एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर बसेना. शेवटी १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टनमध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी एकच आटा मान्य केला. ‘युनिफाइड’ हे नाव तिथलं. बारीक आट्याचा बोल्ट मागताना दुकानदार ‘यूएनएफ’ म्हणतो, त्यातला ‘यू’ तोच.

जीप ही त्या युद्धाचीच गाडी. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक केल्या. दोघांच्या जीपा एकाच आराखड्याच्या, भाग अदलाबदल होणारे. पण फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टाच्या डोक्यावरसुद्धा, ‘एफ’ हे अक्षर उमटवलं. आज फोर्डची युद्धकाळातली जीप नीट करणारा माणूस एफ-वाल्या बोल्टासाठी जीव टाकतो. परदेशात तर ते अक्षर उमटवलेले नवे बोल्ट बनवून विकतात. मला हे थोडं गमतीचं वाटतं, पण त्यांची तळमळ खोटी नाही.

मुंबईत १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. माझगावला विलीजचे सुटे भाग जोडून जीपा तयार व्हायला लागल्या. भागांबरोबर अमेरिकेचा इंची आटाही आला आणि राहिला. इकडे सरकारने १९५६ मध्ये मेट्रिक मापांचा कायदा केला. देश मिलिमीटरकडे निघाला आणि जीपची बॉडी इंचातच! पुढे महिंद्राने पेजोचं डिझेल इंजिन घेतलं. ते फ्रेंच, म्हणजे मिलिमीटरवालं. त्यामुळे नंतरच्या जीपमध्ये इंजिनला १३ चा पाना आणि मडगार्डला अर्ध्या इंचाचा, असा प्रकार झाला. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तिथे १३ चा पाना चालतो, पण सैल. जुन्या जीपांच्या बोल्टांची डोकी गोल झालेली दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

मग शोधायचं कुठे? लोक कारच्या स्पेअरच्या दुकानात जातात, तिथे सगळं मिलिमीटरमध्ये. ट्रॅक्टरच्या स्पेअरच्या दुकानात जा. मॅसी फर्ग्युसन किंवा जुना इंटरनॅशनल बी-२७५ ही ब्रिटिश आराखड्याची यंत्रं, त्यांना इंची आटाच लागतो. म्हणजे साक्री-धुळ्यासारख्या शेतीच्या गावात हा बोल्ट मिळण्याची शक्यता शहरातल्या चकाचक दुकानापेक्षा जास्त. नाहीच मिळाला, तर मुंबईची नागदेवी स्ट्रीट. जाताना ‘अडीच सूत, बारीक आटा’ एवढं सांगून भागत नाही, जुना नट खिशात ठेवा आणि नवा बोल्ट त्यात बोटांनी शेवटपर्यंत फिरवून बघा. जुना बोल्ट असेल तर पट्टीवर आडवा ठेवून आटे मोजा. अर्ध्या इंचात बारा आले पाहिजेत.

डोकंही बघा. ‘८.८’ असा आकडा उठलेला असेल तर तो मिलिमीटरचा बोल्ट, जुन्या जीपच्या बॉडीवर तो लांबूनही परका दिसतो. पिवळ्या झळाळीचा मुलामा लष्करी जीपवर नकोच, त्या गाडीवर चमकणारं काही चालत नसे. भंगारातले बोल्ट रॉकेलमध्ये भिजवून, ब्रश मारून बॉडीला खुशाल वापरा. स्टिअरिंगला, ब्रेकला, पाट्यांना मात्र नाही. तिथे नवा आणि योग्य ताकदीचाच बोल्ट, मूळ दिसो न दिसो.

माझ्या मडगार्डचं पुढे काय झालं? हाताचा पंजा जाईल एवढी खिडकी आतल्या बाजूने कापली. ट्रॅक्टरच्या दुकानातून नट आणला, त्यात बोल्ट घालून जागेवर धरला, मग वेल्ड केला, म्हणजे नट तिरका बसत नाही. तीन बोल्ट त्याच दुकानातले आहेत. चौथा एका मोडीत निघालेल्या जीपचा आहे, डोक्यावर रंगाचे चार थर. तो मी खरवडला नाही.