एकाच मापाची थडगी: हेर्नहूटच्या मोरावियन मंडळीची श्रद्धा आणि तिची सीमा

१/ जुलै २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीचे अधिवेशन नवी दिल्लीत भरले. आसामच्या मोईदामांना वारसा दर्जा मिळाला तो याच अधिवेशनात. त्याच यादीत पूर्व जर्मनीतील हेर्नहूट या लहानशा गावाचेही नाव होते. तिथे किल्ला नाही, गगनचुंबी कॅथेड्रलही नाही. आहे ती एक दफनभूमी आणि तिच्यात ओळीने मांडलेल्या, एकाच मापाच्या सपाट शिळा.

२/ हे गाव वसवणाऱ्या मोरावियन मंडळीला प्रॉटेस्टंट पंथाच्या इव्हँजेलिकल प्रवाहात मोठे स्थान आहे. 'इव्हँजेलिकल' या शब्दाचे मूळ शुभवर्तमान या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. बायबल हे अंतिम प्रमाण, ख्रिस्ताचे वधस्तंभावरील मरण हे तारणाचे मूळ, प्रत्येकाचे स्वतःचे हृदयपरिवर्तन आणि शुभवर्तमान इतरांपर्यंत नेण्याचे कर्तव्य, हे या प्रवाहाचे चार आधार.

३/ मंडळीची मुळे हेर्नहूटपेक्षा जुनी. बोहेमियाचा सुधारक यान हुस याला ६ जुलै १४१५ रोजी जिवंत जाळण्यात आले. त्याच्या विचारांतून १४५७ मध्ये 'बंधुसंघ' उभा राहिला. १६२० मधील श्वेतपर्वताच्या लढाईत बोहेमियाच्या प्रॉटेस्टंटांचा पराभव झाला आणि या संघावर छळ व परागंदा होण्याची वेळ आली. मागे राहिलेल्या कुटुंबांनी शंभर वर्षे आपली श्रद्धा लपूनछपून जपली.

४/ १७२२ मध्ये क्रिस्टियान डेव्हिड नावाच्या सुताराने मोरावियातील काही कुटुंबांना सीमेपलीकडे सॅक्सनीत आणले. त्यांना आपल्या जमिनीवर आश्रय देणारा काउंट निकोलस फॉन त्सिन्त्सेनडॉर्फ तेव्हा अवघा बावीस वर्षांचा होता. १७ जून रोजी पहिले झाड तोडले गेले आणि वस्ती आकाराला येऊ लागली. तिचे नाव हेर्नहूट, म्हणजे प्रभूच्या राखणीतले गाव.

५/ आश्रयाला आलेल्यांत अनेक मतांचे लोक होते. पाच वर्षांत वस्ती भांडणांनी पोखरली गेली. मे १७२७ मध्ये त्सिन्त्सेनडॉर्फने सर्वांकडून एक बंधुकरार मान्य करून घेतला. १३ ऑगस्ट रोजी शेजारच्या बेर्टेल्सडॉर्फच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी लोकांची मने जुळली. मोरावियन आजही हा दिवस आपल्या मंडळीचा नवा जन्म मानतात.

६/ त्याच महिन्याच्या अखेरीस स्त्रीपुरुषांनी दिवसाचे चोवीस तास आपापसांत वाटून घेतले. रात्री किंवा दिवसा, कोणत्याही घटकेला कुणी ना कुणी प्रार्थनेत असेच. ही अखंड प्रार्थना शंभराहून अधिक वर्षे चालली. महाराष्ट्रातील अखंड वीणेचा पहारा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तिची कल्पना सहज येईल.

७/ त्सिन्त्सेनडॉर्फचा भर हृदयाच्या धर्मावर होता. सिद्धान्त पाठ असणे म्हणजे श्रद्धा नव्हे. जखमी तारणाऱ्याशी प्रत्येकाचे जिवंत नाते हवे, असे तो शिकवी. मंडळीच्या मुद्रेवर निशाण धरलेला कोकरा आहे. १७४० च्या दशकात ही भाषा अतिरेकाला गेली. ख्रिस्ताच्या जखमांची गाणी इतकी लाडिक झाली की अखेर खुद्द त्सिन्त्सेनडॉर्फलाच कानउघाडणी करावी लागली.

८/ मोठे निर्णय चिठ्ठ्या टाकून होत. मिशनरी कोणी व्हावे, विवाह कोणाशी व्हावा, यातही प्रभूची इच्छा अशीच विचारली जाई. १७४१ मध्ये मुख्य वडीलपदासाठी योग्य माणूस ठरेना, तेव्हा लंडनच्या बैठकीत ते पद प्रत्यक्ष ख्रिस्ताकडेच असल्याचे मानले गेले. माणसांपैकी कोणीही त्या जागेवर बसायचे नाही, असा त्याचा अर्थ. सामान्य सभासदांच्या विवाहातील चिठ्ठीची सक्ती १८१८ मध्ये संपली.

९/ रोजच्या जीवनालाही एक वचन हवे. १७२८ पासून दररोज सकाळी एक शास्त्रवचन घरोघरी सांगितले जाऊ लागले. १७३१ पासून वर्षभराच्या वचनांचे पुस्तक छापले जाते. ती परंपरा अजून खंडित झालेली नाही.

१०/ येथे सरदार आणि सुतार एकमेकांना बंधू म्हणत. पाव आणि चहाचे साधे प्रीतिभोजन एकत्र होई. अविवाहित पुरुष, अविवाहित स्त्रिया, विवाहित, विधवा, मुले असे वयानुसार व स्थितीनुसार गट असत. स्त्रियांच्या गटांचे आध्यात्मिक नेतृत्व स्त्रियांकडेच असे. अठराव्या शतकाच्या युरोपात हे सहज पचणारे नव्हते.

११/ प्रत्येक सभासदाने आपली जीवनकथा लिहावी आणि ती अंत्यविधीच्या वेळी वाचली जावी, हीही प्रथा. सामान्य माणसांची चरित्रे क्वचितच लिहिली जात, त्या काळात कुंभार, दाया, मोलकरणी यांच्या आत्मकथा साठत गेल्या. हेर्नहूटच्या अभिलेखागारात अशा हजारो कथा आहेत.

१२/ समतेची हीच कल्पना दफनभूमीत उतरली. नाव आणि जन्ममृत्यूचा तपशील, शिळेचे माप सर्वांना एकच. कुटुंबाऐवजी गटानुसार दफन. मात्र बारकाईने पाहणाऱ्याला मधोमध काही उंच, मोठी थडगी दिसतात. ती त्सिन्त्सेनडॉर्फ कुटुंबाची. समतेच्या या अंगणातही सरदारघराण्याचा चौथरा उरलाच.

१३/ या श्रद्धेची खरी परीक्षा समुद्रापार होती. १७३१ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या राज्याभिषेकासाठी त्सिन्त्सेनडॉर्फ कोपनहेगनला गेला. तिथे त्याला अँटन भेटला. हा आफ्रिकी वंशाचा माणूस सेंट थॉमस या डॅनिश कॅरिबियन बेटावर गुलाम होता. पुढे त्याने हेर्नहूटला येऊन सांगितले की मळ्यांवरचे गुलाम दिवसभर राबतात. त्यांच्यापर्यंत पोहोचायचे तर स्वतः गुलामच व्हावे लागेल.

१४/ २१ ऑगस्ट १७३२ रोजी कुंभार लिओनहार्ड डोबर आणि सुतार डेव्हिड निचमन निघाले आणि डिसेंबरमध्ये बेटावर पोहोचले. 'त्यांनी स्वतःला गुलाम म्हणून विकले' ही कथा आज समाजमाध्यमांवर फिरते. ती खरी नाही. गुलाम होण्याची तयारी त्यांनी बोलून दाखवली होती, पण तशी वेळ आली नाही. निचमनने सुतारकाम करून दोघांचा खर्च भागवला.

१५/ मिशनऱ्यांनी गुलामांना वाचायला शिकवले आणि मळेमालक बिथरले. वाचणारा गुलाम उद्या प्रश्न विचारील, ही त्यांची भीती. या कार्याचा कणा ठरली रिबेका. गुलामगिरीतून मुक्त झालेली ही तरुणी डोंगरवाटा तुडवत मळ्यामळ्यांवर जाऊन स्त्रियांना शिकवी. १७३८ मध्ये तिने माथेउस फ्रॉइंडलिख या गोऱ्या मिशनऱ्याशी विवाह केला.

१६/ विवाहाची वैधता आणि न्यायालयात शपथ घेण्यास नकार, या कारणांवरून दोघे तुरुंगात गेले. रिबेकाच्या डोक्यावर पुन्हा गुलाम केले जाण्याची टांगती तलवार होती. जानेवारी १७३९ मध्ये त्सिन्त्सेनडॉर्फ बेटावर आला आणि त्याने कैद्यांची सुटका करवली.

१७/ पण याच मुक्कामात निरोपाच्या भाषणात त्याने गुलामांना सांगितले की धर्मांतराने सुटका होते ती दुष्ट विचारांपासून, मालकापासून नव्हे. गुलामगिरी ही ईश्वरी व्यवस्था आहे, असाही त्याचा सूर होता. मिशनने बेटावर मळा विकत घेतला होता, त्यावर राबणाऱ्या गुलामांसह. जो प्रार्थनेत बंधू, तोच हिशेबाच्या वहीत मालमत्ता.

१८/ शिष्यांनी मात्र त्याच शिकवणुकीतून वेगळा धडा घेतला. १७३९ मध्ये साडेसहाशेहून अधिक शिष्यांच्या वतीने डेन्मार्कच्या राजाला अर्ज गेला. आम्हाला मारहाण होते, आमची पुस्तके जाळली जातात, आम्हाला शिकू द्यावे, हा त्याचा आशय. मारोटा नावाच्या वृद्ध स्त्रीने राणीला स्वतंत्र पत्र धाडले, तेही आपल्या आफ्रिकी मातृभाषेत. अक्षर हाती येताच गुलामांनी थेट सिंहासनाशी बोलणे सुरू केले.

१९/ डॅनिश बेटांवरील गुलामगिरी संपली ती ३ जुलै १८४८ रोजी, सेंट क्रॉय बेटावरील गुलामांनी उठाव केल्यानंतर. डोबर आणि निचमन पोहोचले त्यालाही तोवर ११५ वर्षे उलटली होती. रिबेका ते पाहायला नव्हती. पतीच्या मृत्यूनंतर तिने क्रिस्टियान प्रोटेन याच्याशी विवाह केला आणि आजच्या घानाच्या किनाऱ्यावर शिक्षिका म्हणून काम केले. १७८० मध्ये तिचे निधन झाले.

२०/ हेर्नहूटचा प्रभाव दूरवर पसरला. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने १७३६ मध्ये वादळात सापडलेल्या जहाजावर मोरावियनांना निर्भयपणे गाताना पाहिले आणि आपल्याच श्रद्धेविषयी त्याला शंका आली. विल्यम कॅरीने १७९२ च्या आपल्या पुस्तिकेत मोरावियनांचे उदाहरण दिले. हाच कॅरी पुढे बंगालमधील श्रीरामपूरला स्थिरावला आणि १८०५ मध्ये त्याचे मराठी व्याकरण छापले गेले. १८८५ पासून मोरावियन लेहमध्ये आहेत. तेथील चर्च आजही भरते.

२१/ आत्म्यांची समता मानणाऱ्या या मंडळीने जे केले ते त्या काळात फार थोड्यांनी केले: गुलामाला नाव, अक्षर आणि स्वतःची कथा सांगण्याचा अधिकार दिला. देहाची समता मानायला ती तयार झाली नाही. ते उरलेले वाक्य मारोटासारख्यांनी स्वतःच्या भाषेत लिहायला घेतले.